फुल बाह्यांचा शर्ट

"कुणाचा गं हा शर्ट?" ठकूमावशीनं विचारलं.

मी टेम्पोचं मागचं फळकं नुकतंच खाली सोडलं होतं. बायका एकमेकींना हात देत वर चढत होत्या. सगळ्यांत शेवटी सुगंधा घरातून बाहेर आली. साडीवर निळ्या पट्ट्यांचा, फुल बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, कॉलर उभी केलेली. डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलेलं. नुसते डोळे दिसत होते. यात नवल काही नव्हतं. टोळीतल्या सगळ्याच बायका उन्हाळ्यात अशाच निघायच्या. कांद्याच्या वावरात दिवसभर बसायचं, तर हात, मान, तोंड झाकावंच लागतं. चैत्रातलं ऊन उघड्या कातडीला सोडत नाही.

"नानांचा आहे," सुगंधा म्हणाली. नाना म्हणजे तिचे वडील.

टेम्पोत एकदम शांत झालं. त्या टेम्पोत बायका बसल्या की माझा हॉर्न मला ऐकू येत नसे. त्या दिवशी इंजिन ऐकू आलं.

"बरं बरं. चढ," ठकूमावशी म्हणाली आणि पुढं येऊन माझ्या शेजारी बसली. ती टोळीची मुकादम. कुणाच्या वावरात कधी जायचं, काय भाव घ्यायचा, सगळं तीच ठरवायची. पुढची सीट तिची. गाव मागं पडल्यावर म्हणाली, "दगू, तुला काही अक्कल?"

"काय झालं?"

"बायको बापाचा शर्ट घालून निघालीय तुझी."

"ऊन लागतं म्हणून घातला असेल."

"ऊन लागतं म्हणून नवऱ्याचा घालतात."

मी गिअर बदलला. मला खरंच काही कळलं नव्हतं.

"माझ्या अंगात कुणाचा आहे?" तिनं स्वतःची बाही ओढून दाखवली. "आमच्या म्हाताऱ्याचा. मागं ती लीला बसलीय, तिच्या अंगात तिच्या नवऱ्याचा. गयाबाईचा मालक जाऊन किती वर्षं झाली, अजून त्याचाच घालते. ठिगळावर ठिगळ लावते, पण दुसरा घालत नाही. नवी सून पहिल्यांदा वावरात निघाली की नवरा आपल्या अंगातला जुना शर्ट काढून तिच्या हातात देतो. तिनं मागायचा नसतो. त्यानं द्यायचा. आमच्या टोळीत हे असंच आहे."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"कोण सांगणार? आई तुझी लहानपणीच गेली. आबाला काय माहीत असणार?" आबा म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच, लग्न होईपर्यंत.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "बापाचा शर्ट घालून आलेल्या दोन सुना पाहिल्यात मी. एक अखजीला माहेरी गेली, ती परत आलीच नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी आली. पण बापाला बरोबर घेऊन आली. तो अजून गेलेला नाही."

मागून खिडकीच्या जाळीला कान लावून बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या बागलाणात त्या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी जातात. भाऊ न्यायला येतो. सुगंधाचा भाऊही येणार होता.

सुगंधा मागच्या पौषात गेली. माणसं भेटायला येतात, बसतात, आणि तिच्या आजारपणाचं विचारतात. विचारतात ते चांगल्या मनानंच. पण मला त्या आजारपणाचं काही सांगायचं नसतं. मला हे शर्टाचं सांगावंसं वाटतं. ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

तर आमच्या लग्नाला तेव्हा दोनच महिने झाले होते. बोलणं फारसं नव्हतंच. ती "जेवता का" विचारायची, मी "वाढ" म्हणायचो. रात्री मी दमून झोपायचो, तीही झोपायची. ती मला आवडत होती. पण ते तिला कळायला मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

टोळीत ती आठवडाभरापूर्वी यायला लागली होती. पहिल्या दिवशी आली ती ब्लाउजच्या आखूड बाह्यांवरच. संध्याकाळी तिचे दोन्ही हात कोपरापासून खाली तांबडेलाल झाले होते. बांगड्या पुढं-मागं सरकवता येईनात. रात्री ती हातावर ओलं फडकं ठेवून बसली होती. मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सटाण्याला कांदा पोचवायला गेलो, तेव्हा औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं एक ट्यूब दिली. म्हणाला, "शहरातल्या बाया लावतात. ऊन लागत नाही."

मी ती ट्यूब घरी आणली, तिच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "लाव."

तिनं लावली. सकाळी दोन्ही हातांना जाड लावली. वावरात कांदा उपटायचा, पात कापायची, तर धूळ उडते, कांद्याची पातळ सालं उडतात. ती सगळी सालं त्या ट्यूबच्या लेपावर जाऊन बसली. दुपारी जेवायला बायका गोल करून बसल्या, तेव्हा सुगंधाचे दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत कांद्याच्या सालींनी मढवलेले होते. लीला म्हणाली, "माय वं, वहिनीला सोलायला घ्या गं!" बायका हसून हसून आडव्या झाल्या. सुगंधा उठली, विहिरीवर गेली आणि मातीनं हात घासून धुतले. भाजलेले हात, मातीनं.

सोमवारच्या बाजारात तिच्या गावची माणसं येतात, त्यांच्याबरोबर तिनं निरोप दिला. पुढच्या बाजाराची वाट पाहावी लागली नाही. तिसऱ्या दिवशीच कुणीतरी एक पुडकं आणून दिलं. त्यात नानांचा शर्ट होता.

आता प्रश्न असा होता की मी द्यायचं म्हटलं, तरी देणार काय? माझ्याकडं फुल बाह्यांचा शर्टच नव्हता. मी टेम्पो चालवणारा. गरम होतं म्हणून सगळे हाफ बाह्यांचे. लग्नात सफारी शिवला, तोही हाफ. आबा बंडी घालायचे. घरातली पत्र्याची पेटी मी उलटी केली. एकसुद्धा लांब बाही निघाली नाही.

मी रतन शिंप्याकडं गेलो.

"फुल बाह्या?" तो म्हणाला. "तुला? हात भाजला का?"

"शिव ना. कापड जाड दे. सुती दे."

"कशाला लागतंय एवढं?"

"थंडी वाजते."

बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शर्ट दिला. पांढरा, भक्कम. मी तो तसाच ठकूमावशीकडं घेऊन गेलो. तिनं अंगणात बसल्या बसल्या कॉलर हातात घेतली, आंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चुरगाळली, कांदा वाळला की नाही पाहतात तशी.

"कच्चा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, कोऱ्या कापडाची खळ आहे ही. हे घाम पीत नाही. उन्हात मानेला असं घासतं की साल निघते. शर्ट मऊ पायजे, घामानं धुतलेला. नवऱ्यानं दोन पावसाळे वापरलेला."

"दोन पावसाळे कुठून आणू? अखजी आली."

"ते तू बघ," म्हणाली आणि आत निघून गेली. जाता जाता तिचे खांदे हलत होते.

मी विहिरीवर गेलो. शर्ट भिजवला, दगडावर आपटला, वाळवला. पुन्हा भिजवला, पुन्हा आपटला. आबा बांधावरून बघत होते. "काय धुतोस रे एवढं? डाग पडलाय का?" मी म्हणालो, "हो." "काही दिसत नाही," आबा म्हणाले. "जाईल म्हणजे," मी म्हणालो. दोन दिवस हाच उद्योग केला. एक बटण फुटलं. कॉलर पुन्हा ठकूमावशीला दाखवली.

"कच्चा. दगडानं मऊ होत नसतो, येड्या. अंगानं होतो."

मग काय करणार? दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट अंगात घातला, बाह्यांची बटणं लावली, टोळी वावरात उतरवली, आणि रोजच्यासारखा टेम्पोखाली सावलीत आडवा न होता सरळ बायकांच्या ओळीत जाऊन बसलो. कांदे उपटायला.

तो गोंधळ मी कधी विसरणार नाही.

"दगूभाऊ, चुकला का तुम्ही? टेम्पो तिकडं आहे!"

"मावशी, याची मजुरी धरायची का?"

"अर्धी धरा. पुरुषमाणूस आहे, हात चालत नाही."

"गप बसा गं," ठकूमावशी ओरडली. "पोरगं शर्ट पिकवतंय."

आमच्याकडं कांदा काढताना प्रत्येकीला एक वाफा. मला सुगंधाच्या शेजारचा दिला. मुद्दामच दिला असणार. मी पाच कांदे उपटायचो तोवर ती हातभर पुढं गेलेली. मग मी मान खाली घालून जोर लावायचो, तर पात तुटून हातात यायची आणि कांदा जमिनीतच राहायचा. मागून गयाबाई तो उकरून काढायची आणि म्हणायची, "हा राहिला, भाऊ. हासुद्धा राहिला." तासाभरात माझ्या पाठीतून पाणी वाहायला लागलं. शर्ट अंगाला चिकटला. त्या खळीच्या कापडात मला कळलं की ठकूमावशी खोटं बोलत नव्हती. काखेत घासत होतं, मानेला घासत होतं. आणि डोक्याला मी काहीच बांधलं नव्हतं. मला वाटलं, पुरुषाला काय लागतं. मान अशी तापली की तव्यावर टेकवल्यासारखी.

पण एक मात्र झालं. शर्टाच्या बाहीखालचे हात गार होते. घाम आला की वारा लागून गार पडायचे. टेम्पोच्या खिडकीतून बाहेर ठेवलेला माझा हात इतकी वर्षं भाजत होता, आणि त्याला भाजतंय हे मला माहीतच नव्हतं.

दुपार व्हायच्या आत सुगंधा आपल्या वाफ्यातून उठली. माझ्याजवळ आली, कमरेला खोचलेलं एक ओलं फडकं काढलं आणि माझ्या मानेवर टाकलं.

"मान झाका," ती म्हणाली.

सगळी ओळ थांबली. विळ्यांचा आवाज थांबला.

"काय म्हणाली गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"मान झाका म्हणाली."

"मग झाका की हो, दगूभाऊ!"

मी झाकली. कशी गुंडाळायची ते मला येईना. तिनंच दोन वेढे दिले आणि टोक कानामागं खोचलं. तिची बोटं कानाला लागली. मग ती आपल्या वाफ्यात जाऊन बसली. ओळ पुन्हा चालू झाली, पण आता बायका गाणं म्हणत होत्या, आणि ते गाणं काही कांद्याचं नव्हतं.

जेवणाच्या वेळी ती भाकरी घेऊन टेम्पोच्या सावलीत आली. माझ्यापासून हातभर लांब बसली.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"शर्ट मऊ करतोय."

"कुणासाठी?"

मला सांगता येईना. मी म्हणालो, "आबांसाठी."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. फडकं अजून तोंडावर होतं, ते तिनं खाली ओढलं नव्हतं. तिचे डोळे बारीक झाले आणि खांदे हलायला लागले. मग तिला राहवेना. ती फडक्यातल्या फडक्यात एवढी हसली की तुकडा हातातून पडला. लग्नानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि तेही तोंड न दिसता.

"आबांना हा गुडघ्यापर्यंत येईल," ती म्हणाली.

"येऊ दे."

"आणि आबा कांदा उपटायला येणार?"

"त्यांना विचारावं लागेल."

ती पुन्हा हसली. लांबून ठकूमावशी ओरडली, "ए, जेवा! सावली सरकली!" मग आम्ही जेवलो. तिनं माझ्या भाकरीवर चटणी वाढली. न विचारता वाढली.

अखजीपर्यंत मी रोज ओळीत बसलो. बायकांना सवय झाली. माझा हातही थोडा चालायला लागला. रोज संध्याकाळी ठकूमावशी कॉलर चुरगाळायची. रोज म्हणायची, "कच्चा." सुगंधा नानांचाच शर्ट घालत होती. आता आम्ही बोलत होतो. तिच्या गावची विहीर, माझा टेम्पो, लीलाचा नवरा घोरतो तेसुद्धा. पण शर्टाचं ती काही बोलत नव्हती, मीही नाही. रात्री मी छपराकडं बघत पडायचो आणि ती माहेरी गेली आणि परत आलीच नाही तर काय, एवढंच मनात यायचं.

मग निंबा आला, तिचा धाकटा भाऊ. आबांनी त्याला गूळ-पाणी दिलं. सुगंधानं पिशवी भरली. नानांचा शर्ट घडी करून पिशवीत ठेवताना मी पाहिलं. त्यांना टेम्पोनं फाट्यावर सोडायला गेलो. निंबा कळवणची गाडी कधी येते ते विचारायला टपरीवर गेला, आणि आम्ही दोघंच लिंबाखाली उभे राहिलो.

शर्ट माझ्या अंगात होता. मी सकाळीच ठरवलं होतं. बटणं काढायला लागलो.

"काय करता?" ती म्हणाली.

"घेऊन जा." माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "तुझ्यासाठी केला. आबांसाठी नाही."

"माहीत आहे मला."

"मला आधी माहीत नव्हतं, की द्यायचा असतो. आमच्या घरात बाईमाणूस नव्हतं."

"तेही माहीत आहे. ठकूमावशीनं सांगितलं." तिनं पिशवी लिंबाच्या बुंध्याशी ठेवली. "मी पहिल्या दिवशी वाट बघितली होती. बायका शर्ट घालून चढत होत्या. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आता देतील. तुम्ही हॉर्न वाजवला."

मी पुढचं बटण काढलं.

ती जवळ आली. माझी कॉलर आंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली आणि चुरगाळली, अगदी ठकूमावशीसारखी. बराच वेळ चुरगाळली.

"कच्चा आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. निंबानं पिशव्या आत टाकल्या. "येतो दाजी," म्हणाला. सुगंधा पायरीवर चढली, वळली आणि म्हणाली, "मी येईपर्यंत अंगातून काढू नका."

गाडी गेली. मी बटणं अर्धी काढलेल्या अवस्थेत उभा होतो. तिथून टेम्पो घेऊन मी सरळ ठकूमावशीच्या दारात गेलो.

"कच्चा म्हणाली," मी सांगितलं.

"आणि?"

"आणि ती येईपर्यंत काढू नका म्हणाली."

मावशी पुरणाच्या हातानंच बाहेर आली. "मग इथं काय तोंड पाडून उभा आहेस, येड्या? बटणं लाव!"

मी तो शर्ट काढला नाही. म्हणजे धुण्यापुरता काढायचो, तो ओला असतानाच पुन्हा घालायचो. कांदा घेऊन बाजार समितीत जायचो, तिथले गाडीवाले विचारायचे, "दगू, लग्नाला निघालास काय?" मी म्हणायचो, "हो." टोळीबरोबर ओळीत बसायचो. मान झाकायला आता मला येत होतं. ठकूमावशीनं कॉलर तपासायचं बंद केलं होतं. म्हणायची, "माझं काम नाही आता ते."

वैशाखात एका दुपारी मी फाट्यावर चहा पीत होतो. कळवणकडून गाडी आली. सुगंधा उतरली, एकटीच. निंबा नाही, नाना तर नाहीतच. ते पाहून मला एवढं बरं वाटलं की चहा सांडला. हातात आंब्यांची पाटी होती, ती तिनं खाली ठेवली.

"नानांचा शर्ट नानांना दिला," ती म्हणाली. "ते विचारत होते, परत कसा काय आणला."

"मग?"

"म्हटलं, माझा तयार होतोय."

तिनं कॉलर धरली. या वेळी चुरगाळली नाही. तळव्यानं एकदा पुसली, जशी लहान पोराची मान पुसतात.

"द्या," ती म्हणाली.

"इथं?"

"ऊन बघा केवढं आहे. घरापर्यंत चालत जायचंय ना?"

टेम्पो त्या दिवशी गॅरेजला होता. मी इकडं-तिकडं पाहिलं. टपरीवर सात-आठ माणसं होती, सगळी ओळखीची. मी बटणं काढली, शर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तिथंच साडीवर चढवला. तिला तो गुडघ्यापर्यंत आला. बाह्या बोटांच्या पुढं लोंबायला लागल्या, तिनं त्या दोनदा दुमडल्या. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, फुटलेलं एक सोडून. फडकं डोक्यावरून घेतलं आणि रस्त्याला लागली. मी बनियनवर, डोक्यावर आंब्यांची पाटी घेऊन मागून निघालो.

टपरीवाला ओरडला, "अरे दगू, शर्ट कुठं गेला तुझा?"

मी म्हणालो, "तो काय, पुढं चाललाय."